‘धुंडिराज’चा धुंदीशी काही संबंध नाही

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या मुलांच्या वेगळ्या नावांच्या यादीत ‘धुंडिराज’चा अर्थ ‘धुंदीत रमणारा राजा’ असा छापला आहे. ‘धोंडो’ हे त्याचेच बोलीतले रूप, असेही शेजारी म्हटले आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. यादी कापून ठेवणारे आईबाप असतात, आणि हे नाव आज इतके विरळ झाले आहे की चुकीचा अर्थ दुरुस्त करायला घरात कोणी आजोबा उरलेले नसतात. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

धुंडिराज हे गणपतीचे नाव आहे आणि ते काशीचे आहे. मूळ संस्कृत रूप ‘ढुंढिराज’. स्कंदपुराणातल्या काशीखंडात त्याची कथा येते. दिवोदास राजाच्या कारकिर्दीत शंकराला काशी सोडून मंदर पर्वतावर राहावे लागले. परतीची वाट मोकळी करायला त्याने योगिनी, सूर्य, ब्रह्मदेव असे एकेक जण पाठवले. जो गेला तो काशीतच रमला. मग गणपती वृद्ध ज्योतिषाच्या वेषात गेला आणि त्याने राजाचे मन वळवायला सुरुवात केली. पुढे काशीत परतल्यावर शंकराने त्याची स्तुती केली, तीत या नावाची फोडच दिली आहे : ‘ढुंढि’ हा धातू शोधणे या अर्थी प्रसिद्ध आहे, आणि सगळे अर्थ तू धुंडाळतोस म्हणून तुझे नाव ढुंढि. इथे ‘अर्थ’ म्हणजे पुरुषार्थ, माणसाला जे जे हवे ते. म्हणजे नावाचा अर्थ झाला ‘शोधून देणाऱ्यांचा राजा’. हिंदीतले ‘ढूँढना’ आणि आपले ‘धुंडणे’, ‘धुंडाळणे’ याच कुळातले. मराठीने ‘ढ’चा ‘ध’ केला आणि दुसरा ‘ढ’ सैल करून ‘ड’ केला, एवढाच फरक.

काशीत विश्वनाथाच्या आधी ढुंढिराजाचे दर्शन घेण्याची रीत आहे. तिथल्या छप्पन्न विनायकांची मांडणीही याच्याभोवतीच सांगतात : सात आवरणे, प्रत्येकात आठ दिशांचे आठ विनायक. काशीयात्रा हे मराठी घरांचे शतकानुशतकांचे स्वप्न असल्यामुळे तिथला गणपती इकडच्या पाळण्यात आला, यात नवल नाही.

हे नाव इथे किती जुने आहे याची दोन उदाहरणे देतो. ‘जातकाभरण’ हा फलज्योतिषाचा ग्रंथ लिहिणारे ढुंढिराज सोळाव्या शतकातले, गोदावरीकाठच्या पार्थपुराचे, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या पाथरीचे. अठराव्या शतकाच्या आरंभी तंजावरच्या मराठी राज्यात ‘मुद्राराक्षस’ या संस्कृत नाटकावर टीका म्हणजे भाष्य लिहिणारे पंडितही ढुंढिराजच. पण सामान्य वाचकाला या नावाचा एकच माणूस ठाऊक असतो, आणि तोही टोपणनावाने. दादासाहेब फाळके यांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. वडील संस्कृतचे जाणकार होते, तेव्हा मुलाचे नाव धुंदीवरून ठेवले नसणार, एवढे तरी धरून चालायला हरकत नाही!

आता धोंडोविषयी. धोंडो, धोंडू, धोंडोपंत ही नावे ‘धोंडा’ म्हणजे दगड यावरून आली. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलाला नजर लागू नये, मृत्यूला तो नकोसा वाटावा, म्हणून दगडू, केरू, भिकू, धोंडू अशी मुद्दाम हलकी नावे ठेवत. दुसरे कारण अधिक महिन्याचे. त्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो आणि त्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडू म्हणत. महर्षी कर्वे धोंडो केशव होते, १८५७च्या उठावातले नानासाहेब पेशवे धोंडोपंत होते. त्यांना धुंडिराज करून टाकायचे कारण नाही. घोळ वाढवण्यात इंग्रजी कागदांचा हात आहे. नानासाहेबांचे नाव त्यांत ‘धुंडू पंत’ असे उतरले आणि तिथून पुन्हा मराठीत आले. होळीच्या कथेतली ढुंढा राक्षसीण हाही तिसराच मामला. तिचे नाव पंचांगात वाचून कोणी दचकू नये.

‘धुंदी’ कुठून आली, तेही सांगण्यासारखे आहे. रोमन लिपीत ‘द’ आणि ‘ड’ या दोन्हींसाठी एकच ‘डी’ वापरतात. इंग्रजीत लिहिलेले नाव संगणकाने परत देवनागरीत आणले की ‘धुंदिराज’ किंवा ‘धुन्दिराज’ होते. ते वाचून अर्थ लिहिणाऱ्याने शब्दकोशात ‘धुंद’ पाहिले असावे. वाईट एवढेच की या नावाचा खरा अर्थ कळायला ‘धुंडाळणे’ हे रोजच्या वापरातले क्रियापद पुरेसे होते.

हे नाव आज ठेवायचे असेल तर काही बारकावे लक्षात ठेवावेत. ‘डि’ ऱ्हस्व. कविराज, हरिदास यांत पहिल्या पदाची वेलांटी ऱ्हस्व राहते, तशीच इथे. ‘धुंडीराज’ हे सर्रास दिसते, पण ते शुद्ध नव्हे. अनुस्वाराचा उच्चार ‘ण’सारखा : धुण्‌-डि-राज. देवाला ‘धुंडिराजाला नमस्कार’ म्हणतो, पण मुलाला हाक मारताना ‘धुंडिराजला बोलाव’ असेच म्हणायचे. संस्कृत रूप हवे म्हणून काही जण ‘ढुंढिराज’ लिहू पाहतात. व्याकरणाने ते चुकीचे नाही, पण वर्गात ‘ढ’ या अक्षराला काय अर्थ आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पोराला दहा वर्षे ते चिडवणे ऐकावे लागेल. मराठी रूपच बरे.

नावरास पाहणाऱ्यांना एक मौज सांगतो. पूर्वाषाढा नक्षत्राची चार चरणाक्षरे भू, धा, फा, ढा. म्हणजे ‘ध’ धरला तर दुसरा चरण, ‘ढ’ धरला तर चौथा, आणि दोन्ही धनु राशीतच. रूप बदलले तरी रास हलत नाही.

खरी अडचण येते ती नोंदणीत. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव द्यावेच लागते असे नाही. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा बारशाआधी घाईने काहीतरी लिहून टाकायची गरज नसते. मात्र एकदा लिहिलेले नाव बदलायला फार खेटे पडतात, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, मतदार यादी अशा ठिकाणी जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागणार आहे. अर्जावर नाव देवनागरीत सुटे, ठळक लिहावे आणि रोमन स्पेलिंग स्वतःच द्यावे, कारकुनावर सोडू नये. ते नऊ अक्षरांचे : डी, एच, यू, एन, डी, आय, आर, ए, जे. दुसऱ्या ‘डी’पुढे ‘एच’ घातला तर परत देवनागरीत आणताना ‘ढि’ किंवा ‘धि’ होईल. ‘आय’च्या जागी दोन ‘ई’ घातले तर वेलांटी दीर्घ होईल. दाखल्याची अंतिम प्रत निघण्याआधी पडद्यावर देवनागरी नाव वाचून पाहावे, ‘डि’ आहे की ‘दि’ एवढेच तपासायचे. ही एक चूक पुढे आधार, शाळेचा दाखला, गुणपत्रिका अशी कागदोकागदी जाते. हाक मारायला ‘धुंडी’ म्हटले तर फोनवर पुन्हा ‘धुंदी’ ऐकू येते, म्हणून घरात ‘राज’ म्हणणे सोयीचे.

गणपतीची नावे म्हणून ओंकार, अथर्व घरोघरी आहेत. एकेका वर्गात तीन-तीन अथर्व असताना हे नाव मागे पडले, त्यामागे त्याची लांबी आहे आणि ‘ध’ने सुरू होणारे नाव जुनाट वाटते हेही आहे. हेरंब मात्र तितकाच जुना असूनही टिकून आहे. पुरवणीच्या पुढच्या अंकात अर्थाची दुरुस्ती छापावी आणि ‘धोंडो’ वेगळ्या ओळीत द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वाई