‘गव्हर्नर’ला ‘राज्यपाल’ म्हणू नका

संपादक महोदय,

अमेरिकेच्या बातम्यांत आपली वृत्तपत्रे ‘गव्हर्नर’साठी सर्रास ‘राज्यपाल’ लिहितात. सांगलीकरांना यातली गफलत चटकन कळेल. मुख्यमंत्री वसंतदादांच्या हाती राज्याचा कारभार होता. 1985 मध्ये ते राजस्थानचे राज्यपाल झाले, ते राष्ट्रपतींच्या नेमणुकीने. तिकडचा गव्हर्नर थेट लोकांच्या मतांवर, ठरावीक मुदतीसाठी येतो आणि कारभार तोच हाकतो. विधिमंडळात बहुमत नसले तरी तो पदावर राहतो.

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याचा गव्हर्नर ह्युई लाँग याची कारकीर्द तर ‘राज्यपाल’ म्हटल्यावर समजतच नाही. त्याने हिरव्या रेशमी पायजम्यात जर्मन नौदल अधिकाऱ्याची भेट घेतली, हे रंगवून सांगितले जाते. कामे कशी उरकली, ते राहून जाते.

1928 मध्ये तो पदावर आला तेव्हा राज्यात पक्के रस्ते जेमतेम 330 मैल होते. त्याने कर्जरोखे काढले, फेड पेट्रोलवरच्या करातून. सुरुवातीला एकच सलग रस्ता न करता जागोजागच्या परगण्यांत पाच-दहा मैलांचे तुकडे केले. गुळगुळीत तुकडा संपून चिखल लागला, की लोकच पुढचा रस्ता मागत. काही वर्षांतच पक्के रस्ते 2,300 मैलांवर गेले. शाळेची पुस्तके मोफत केली, ती तेल, वायू, लाकूड यांवरच्या करातून. धार्मिक संस्थांच्या शाळांना सरकारी पैसा देता येत नाही, हा आक्षेप येणार हे ओळखून पुस्तके शाळेला नव्हे, मुलांना दिली. 1930 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले. कायद्याची इतकी बारीक जाण फार थोड्या पुढाऱ्यांत असते.

पण हेच डोके वाईटालाही लागले. नेमलेल्यांकडून तारीख न घातलेले राजीनामे आधीच लिहून घेतले जात. सरकारी नोकरांच्या पगारातून राजकारणासाठी टक्केवारी कापली जाई, तीही रोख.

1929 मध्ये शुद्ध केलेल्या तेलावर पिंपामागे 5 सेंट कर लावायचा घाट त्याने घातला आणि विरोधकांनी महाभियोग आणला. खटला राज्याच्या सिनेटपुढे, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहापुढे. सदस्य 39, दोषी ठरवायला दोन तृतीयांश म्हणजे 26 मते हवीत. लाँगने 15 जणांच्या सह्या घेतल्या: पुरावा काहीही येवो, आम्ही दोषी ठरवणार नाही. खटला तिथेच कोसळला. सह्या करणाऱ्यांना पुढे पदे मिळाली.

1930 मध्ये तो वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या सिनेटवर निवडून आला, पण शपथ घेतली थेट जानेवारी 1932 मध्ये. आधी गेला असता तर गव्हर्नरपद त्याच्याशी बिनसलेल्या उपगव्हर्नरकडे गेले असते. आपल्या राज्यपालाला यातले काय करता येते?

तेव्हा विनंती एवढीच, की ‘गव्हर्नर’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखापुढे ‘राज्याचा निवडून आलेला कारभारी’ असे छापावे.

— एक वाचक, विश्रामबाग, सांगली