पेंटबॉलच्या नव्या पद्धतीविषयी मित्रास पत्र

कोथरूड, पुणे
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पेंटबॉलची, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडून समोरच्याला बाद करण्याच्या आपल्या खेळाची, नवी गुणांची पद्धत आपल्या गटाने एकदा खेळून पाहावी असा आग्रह तूच धरला होतास, म्हणून कालची हकिगत सर्वांआधी तुलाच कळवतो. मुळशीच्या रस्त्यावरच्या मैदानात पाच-पाच जणांच्या चार संघांनी सामने खेळले. झेंडा समोरच्यांच्या तळावर पोचवला की एक गुण, मग दोन मिनिटांची विश्रांती, त्यानंतर बाद झालेले सगळे पुन्हा मैदानात, आणि ज्याचे चार गुण आधी होतील तो संघ विजयी. अमेरिकेत २००२ च्या सुमारास एक्स-बॉल या नावाने जे सुरू झाले, त्याचेच हे लहान रूप आहे.

खेळाडू म्हणून मला ते मनापासून आवडले. जुन्या पद्धतीत पहिल्याच मिनिटाला मुखवट्यावर रंग फुटला की उरलेला डाव जाळीबाहेर बसून काढावा लागे, आणि त्या धास्तीने आपण बंकरामागून, म्हणजे मैदानातल्या आडोशामागून, डोकेही वर काढत नसू. काल मात्र मी मधल्या बंकरापर्यंत सरळ धावत गेलो, बाद झालो, आणि दोन मिनिटांनी त्याच जागेसाठी पुन्हा धावलो. कबड्डीत गडी जिवंत होईल या भरवशावर चढाईला जे बळ येते, तेच हे.

तरीही या घाईत एक मोलाची गोष्ट हातची जाते आहे. १९८१ साली न्यू हॅम्पशरच्या रानात बारा जण हा खेळ पहिल्यांदा खेळले, तेव्हा जिंकलेल्या वनतज्ज्ञाने एकही गोळी न झाडता, झाडांआडून सरकत झेंडे मिळवले होते. काल तसा धीर धरायला कोणालाच सवड नव्हती. दोन हजार गोळ्यांचे खोके दुपारच्या आतच रिकामे झाले.

प्रेक्षकांचे म्हणशील, तर बाबांना मी मुद्दाम बोलावले होते. तरुणपणी ते खो-खो खेळलेले. ज्या खेळाचे नियम डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधले, त्याची पाळी नऊऐवजी सात मिनिटांची केली म्हणून २०२२ मध्ये बालेवाडीच्या अल्टिमेट खो-खो या लीगवर ते आधी नाराज होते आणि सामना सुरू झाल्यावर जागचे हलले नव्हते. काल झेंड्यासाठीची शेवटची धाव त्यांनी उभे राहून पाहिली, पण मधला सगळा वेळ ते एकच विचारत होते, “आता बाद कोण झालं?” त्यांचा प्रश्न रास्त होता. जेमतेम सतरा मिलिमीटरची गोळी सेकंदाला तीनशे फुटांच्या आसपास वेगाने जाते, त्यामुळे ती उडताना दिसत नाही आणि फुटलेली कळत नाही, उलट खो-खोत पाठीवर पडलेली थाप शेवटच्या रांगेतूनही दिसते. नव्या पद्धतीने प्रेक्षकांचे ताटकळणे संपवले, दिसण्याची अडचण मात्र तशीच ठेवली. बाद झालेल्यांना कबड्डीप्रमाणे समोरच बसवले, तर मैदानात किती उरले हे कोणालाही मोजता येईल.

तू पुढच्या महिन्यात येशील तेव्हा सकाळी जुन्या पद्धतीचा एक लांब डाव आणि दुपारी गुणांचे सामने ठेवू. बाके कुठे मांडायची ते बाबा सांगणार आहेत. तुझा मार्कर, म्हणजे गोळ्या झाडायची बंदूक, माझ्याकडेच आहे. त्याच्या ओ-रिंग, म्हणजे आतल्या रबरी कड्या, बदलून ठेवतो.

तुझाच,
जुना जोडीदार