फॉरमॅट न मारल्याबद्दल

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि रविवार कारंजा, मेन रोड भागातल्या डीटीपीच्या (संगणकावर छपाईची मांडणी करणाऱ्या) दुकानांतून विंडोज ११ चढू लागलं. पाठोपाठ ‘मशीन रांगतंय’ ही तक्रार आलीच. तिच्यावर बाजारात एकच औषध मिळतं : फॉरमॅट मारा, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका. एम. जी. रोडवरच्या तुमच्या दुरुस्तीच्या टेबलावर ते मिळालं नाही, म्हणून हे जाहीर पत्र. आभार आहेतच, शिवाय तुम्ही काय आणि कुठल्या क्रमाने पाहिलंत तेही लिहितो. शेजारच्या दुकानांच्या उपयोगी पडेल.

आधी तुम्ही थांबायला सांगितलंत. अपग्रेडनंतर विंडोज फायलींची शोधसूची पुन्हा बांधतं, डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) तपासणी करतो, मागून ड्रायव्हर आणि अपडेट उतरत राहतात. लॅपटॉप चार्जरला लावून, झाकण उघडं ठेवून, झोपेची सेटिंग बंद करून रात्रभर सोडला की यातलं बरंच उरकतं. बॅटरीवर सूची बांधण्याचं काम हात आखडूनच चालतं, त्यामुळे दिवसातून तासभर बॅटरीवर वापरणाऱ्याचं ते आठवडाभर रेंगाळतं.

त्यानंतरही हळू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर (प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती कामात आहेत ते दाखवणारी खिडकी) उघडायचा. इथे तुमची नजर खरी कामाला आली. डिस्क १०० टक्के दिसते, पण वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी! पाहणाऱ्याला वाटतं व्हायरस असेल. तो १०० चा आकडा वेगाचा नसतोच. डिस्क किती वेळ कामात अडकली आहे, ते तो सांगतो. ५४०० आरपीएमच्या हार्डडिस्कला विखुरलेली छोटी वाचनं सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच जमतात, कारण दर वेळी हेड सरकायचा आणि तबकडी फिरून यायची वाट पाहायची. साध्या साटा एसएसडीला (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर चालणाऱ्या डिस्कला) तीच वाचनं हजारोंनी जमतात. म्हणून वेगाऐवजी सरासरी प्रतिसादवेळ बघायची. ती शेकडो मिलिसेकंदांत राहत असेल, तर प्रोसेसर कितीही नवा असो, सगळे डिस्कच्या दारात रांगेत उभे आहेत.

आणि घोळ नेमका इथेच होतो. विंडोज ११ ला प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) लागतं, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. एसएसडी हवीच, अशी अट त्यात नाही. त्यामुळे आठव्या पिढीचे, ४ जीबी रॅम आणि १ टीबी हार्डडिस्कवाले लॅपटॉप परीक्षेत पास होतात आणि रोजच्या कामात बसतात. अशा मशीनला फॉरमॅट मारला तर थोडे दिवस हलकं वाटतं, मग सूची, अपडेट आणि ब्राउझर पुन्हा त्याच तबकडीवर येऊन बसतात. डीटीपीवाल्याचे फॉन्ट, कोरल या डिझाइन सॉफ्टवेअरच्या सेटिंग, टायपिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स गेलं ते वेगळंच.

म्हणून उपाय हार्डडिस्कच्या जागी एसएसडी. पण डिस्क बदलण्याआधी तुम्ही क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिची तब्येत पाहिलीत. रिअॅलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) किंवा पेंडिंग (वाचता न आलेल्या) सेक्टरचा आकडा शून्याच्या वर असेल तर क्लोनिंगच्या (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर उतरवण्याच्या) भानगडीत पडण्याआधी कामाच्या फायली बाहेर काढायच्या, कारण पूर्ण क्लोन चालवताना मरणारी डिस्क मध्येच मान टाकू शकते. दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात : डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवायची आणि एन्क्रिप्शन बंद करून, ते पूर्ण उतरल्यावरच पुढे जायचं.

बाकी क्लोन सरळ. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, तेवढ्यात वापरलेला डेटा मावला पाहिजे. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवायची. दोन्हींची ओळख सारखीच असते, त्यामुळे विंडोज गोंधळतं. अपग्रेडआधीचं विंडोज जपणारा ‘Windows.old’ नावाचा फोल्डर तसा १० दिवसांनी आपोआप जातो. स्टोरेजमधल्या तात्पुरत्या फायलींतून तो आधीही काढता येतो, पण मग मागच्या आवृत्तीवर परतायची सोय संपते. क्लोन मावत नसेल तरच हात लावावा.

रॅमच्या बाबतीत तुम्ही टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर ‘वापरलेले स्लॉट २ पैकी १’ हे दाखवून दिलंत. ४ जीबीच्या जोडीला ८ जीबीची डीडीआर४ चालते. दोन्ही सारख्या हव्यात असा आग्रह नको.

मशीन रोज संध्याकाळी बंद करूनही ‘अप टाइम’ (मशीन सलग किती वेळ चालू आहे तो आकडा) अनेक दिवसांचा का दिसतो, हे कोडं तुम्ही एका वाक्यात सोडवलंत. फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउनला विंडोजचा गाभा (कर्नल) डिस्कवर जपून ठेवला जातो, खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते. ड्रायव्हर बदलल्यावर म्हणूनच रीस्टार्ट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ग्राफिक्सच्या जागी ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसला, तर खिडक्या सरकवतानाही प्रोसेसर दमतो. त्याचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्याच साइटवरून घ्यायचा, ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाच्या फुकट्या सॉफ्टवेअरला दारात उभं करायचं नाही.

प्रोसेसरचा वेग ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झवरच अडकलेला दिसला की आधी चार्जर तपासायचा. काही लॅपटॉप अनोळखी चार्जर लागला की मुद्दाम वेग दाबून धरतात. चार्जर ठीक असेल तर धूळ. सिंहस्थाच्या कामांनी खणलेल्या रस्त्यांलगतच्या दुकानांना हे वेगळं सांगायला नको. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवायचा, नाहीतर तो जोरात फिरून बेअरिंग जातं.

फॉन्टचा सल्ला मात्र आम्हा डीटीपीवाल्यांसाठी सोन्याचा. पत्रिकांसाठी साठवलेले शेकडो जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट एकदम इन्स्टॉल असले की कोरल उघडायलाच वेळ खातं. लागतील तेवढे ठेवून बाकीचे अनइन्स्टॉल केले, पण त्यांच्या टीटीएफ फायली वेगळ्या फोल्डरात जपल्या. त्या गेल्या तर जुन्या पत्रिका उघडतील, पण त्यातल्या मजकुरातली एकही ओळ वाचता येणार नाही.

काढलेली हार्डडिस्क तुम्ही यूएसबी केसमध्ये घालून परत दिलीत. तिच्यात पेंडिंग सेक्टर नाहीत, म्हणून बॅकअपला लावली आहे. टायपिंग सॉफ्टवेअरचा जुना डोंगल (लायसन्सची चावी म्हणून मशीनला जोडायचा तुकडा) तेवढा नव्या विंडोजमध्ये अजून ओळख देत नाही; तो घेऊन येतोच.

आपले,
रविवार कारंजा भागातले डीटीपीवाले, नाशिक