बोगदा झाला, पण लाइन बंद पडली तर?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम ते इटलीतल्या जिनोव्हा या ऱ्हाइन-आल्प्स रेल्वे मालवाहतूक कॉरिडॉरबद्दल आपल्याकडे जे काही लिहून येतं त्यात सगळं कौतुक आल्प्सखालून जाणाऱ्या गॉटहार्ड रेल्वे बोगद्याचं असतं, आणि ते व्हायलाच पाहिजे, 57 किलोमीटरचा बोगदा स्विस लोकांनी 1992ला मतदान करून मंजूर केला आणि 2016ला चालू करून दाखवला, मग 2020ला त्याच मार्गावरचा चेनेरी बोगदाही झाला. पण मी राहतो कार्ल्सरुहेला, ऱ्हाइनच्या खोऱ्यात, आणि इकडची बाजू फारशी कुणी मांडत नाही म्हणून लिहितोय.

बोगद्याकडे जाणारी कार्ल्सरुहे-बासेल लाइन वाढवायचं जर्मनीने स्वित्झर्लंडशी केलेल्या 1996च्या लुगानो करारात कबूल केलं होतं, ते चौपदरीकरण अजून अर्धवटच आहे. त्यातच 12 ऑगस्ट 2017ला याच लाइनवरच्या राश्टाटला चालू रुळांखालून माती गोठवून बोगदा खणताना जमीन खचली, वरचे रूळ दबले आणि लाइन थेट 2 ऑक्टोबरला उघडली. खणणारं मशीन तर तिथेच काँक्रीट ओतून गाडून टाकावं लागलं! प्रवाशांसाठी राश्टाट ते बाडेन-बाडेन बस लावल्या, त्यांचं कसंबसं निभावलं. मालगाड्यांचे मात्र हाल झाले.

नदीपलीकडे फ्रान्समधून स्ट्रासबुर्गवरून लाइन आहे ना, पण त्या लाइनवर गाडी न्यायची तर ड्रायव्हरला फ्रेंच यायला हवं, तो रूट त्याला माहीत हवा, इंजिनात तिकडची सिग्नल सिस्टीम हवी, आणि हे सगळं जुळणारे ड्रायव्हर नि इंजिनं आयत्या वेळी आणणार कुठून? मग कंटेनर चढवा ट्रकवर नाहीतर ऱ्हाइनमधल्या बार्जवर, म्हणजे मालवाहू बोटीवर. बार्जचाही भरवसा नाही, 2018च्या ऑक्टोबरात काउब या नदीकाठच्या गावातल्या पाणीपातळीच्या मोजपट्टीवर ऱ्हाइन 25 सेंटिमीटरवर आली होती (नदीची खरी खोली त्याहून जास्त असते, तरीपण) आणि बार्ज निम्म्याहून कमी माल घेऊन चालल्या होत्या.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नवीन बोगद्यांवर जेवढा पैसा ओततात त्यातला थोडा तरी जर्मनी-फ्रान्स दोन्हीकडे चालतील अशा ड्रायव्हरांच्या ट्रेनिंगवर आणि इंजिनांवर आधी खर्च करावा, आणि तुमच्या पेपरने पुढच्या वेळी या कॉरिडॉरवर लिहिताना लाइन बंद पडली तर माल कुठून जाणार याचीही माहिती जरूर द्यावी ही विनंती.

– एक वाचक, कार्ल्सरुहे, जर्मनी