नोटीस दिली म्हणे, पण कुठे?

मा. संपादक,

एप्रिल-मे हा आमचा सीझन. मी नेरुळला राहतो, टेरेस वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. सिडकोच्या जुन्या बिल्डिंगा, त्यामुळे पावसाच्या तोंडावर सगळ्या सोसायट्यांना एकदम जाग येते आणि सेक्रेटरी लोक मोबाइलवर 'वॉटरप्रूफिंग नेरुळ' टाकून तीन कोटेशन मागवतात. त्यातलं एक गेली सहा-सात वर्षं बहुतेक वेळा माझं असायचं, कारण माझी वेबसाइट सर्चच्या पहिल्या पानावर यायची. यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून फोनच बंद. आधी वाटलं मार्केट थंड असेल. माझ्या मोबाइलवर टाकलं की साइट वरच दिसायची म्हणून शंकाही आली नाही, शेवटी बायकोच्या मोबाइलवर टाकून बघितलं तर पाच पानं खाली गेलो तरी आमचा पत्ता नाही.

कारण कळलं ते सीवूड्सच्या एका सोसायटीच्या खजिनदारांकडून. म्हणाले, अहो तुमचं नाव सर्च केलं की खाली जपानी का काय अक्षरं येतायत, तुम्ही बॅगा विकायला लागलात का? मी साइट उघडली तर सगळं जागच्या जागी, ब्रिकबॅट कोब्याचे फोटो, कामांची यादी, नंबर. मग भाचा एका रविवारी लॅपटॉप घेऊन बसला. साइट ज्या वर्डप्रेस सॉफ्टवेअरवर चालते त्याचं कुठलं तरी प्लगिन, म्हणजे जोड-प्रोग्राम, मी दोन वर्षं अपडेट केलं नव्हतं, तिथून कोणीतरी घुसून जपानीतली हजारो पानं टाकून ठेवलेली, नकली ब्रँडेड बॅगा नि घड्याळांची. आणि ही पानं दिसतात कोणाला, तर सर्च इंजिनच्या बॉटला, म्हणजे साइट वाचत फिरणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामला, मालकाने उघडलं तर नेहमीची साइट. म्हणजे घरात पोटभाडेकरू शिरलाय हे अख्ख्या गल्लीला माहीत, घरमालक तेवढा अडाणी.

चूक माझी, मान्य आहे. पण सर्च इंजिनला हे कळलं होतं ना? कळलं म्हणूनच साइट खाली ढकलली ना? मग मला एक मेल करायला काय झालं होतं? भाच्याने त्यांच्या साइटमालकांसाठीच्या टूलमध्ये माझं रजिस्ट्रेशन केलं, त्यासाठी आधी एक छोटी फाइल साइटवर चढवून साइट आपलीच आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि आत गेल्या गेल्या समोर नोटीस, की तुमची साइट हॅक झालेली आहे. म्हणजे नोटीस होती हो! फक्त पालिकेने धोकादायक इमारतीची नोटीस दारावर न चिकटवता बेलापूरच्या ऑफिसात कपाटात ठेवावी आणि म्हणावं की आधी चावी बनवून घ्या मग येऊन वाचा, तसला प्रकार. माझ्या प्रत्येक पानाच्या खाली मोबाइल नंबर आणि ईमेल आहे. बॉट अख्खं पान वाचतो, ती एक ओळ तेवढी वाचत नाही.

हे अशक्य आहे असंही नाही. गुगलने 2005 मध्ये साइटवाल्यांना थेट ईमेल पाठवून बघितले होते. मग गुगलच्या नावाने खोटे मेल फिरायला लागले आणि 2007 मध्ये हे निरोप वेबमास्टर टूल्समध्ये गेले, ज्याला आता सर्च कन्सोल म्हणतात. खोट्या मेलची अडचण मला पटते. पण मग मेलमध्ये लिंक देऊ नका, नुसतं एवढं लिहा की लॉगइन करून बघा, तुमच्यासाठी निरोप आहे.

पुढची गोष्ट जास्त वैतागाची. साइट साफ केली, फेरतपासणी मागितली, काही दिवसांत हॅकचा शिक्का निघाला. साइट मात्र वर आली नाही ती नाहीच. आता टूलमध्ये कसलीच नोटीस नाही, सगळं हिरवं. भाचा म्हणतो मामा, ही घसरण अल्गोरिदमची आहे, म्हणजे त्यांच्या प्रोग्रामने आपोआप केलेली, त्याची नोटीस नसते. गुगलचंच घ्या, त्यांच्याकडे माणसाने तपासून केलेली कारवाई असेल तर कारण लिहून येतं आणि दुरुस्ती करून फेरविचाराचा अर्ज करता येतो. अल्गोरिदमने खाली गेलात तर ती कारवाईच धरत नाहीत, नुसतं रँकिंग बदललं म्हणतात, मग अर्ज कोणाकडे नि कशाचा करणार. सर्चमध्ये वर यायला दुसऱ्या साइटवर विकतच्या लिंका लावून घेणाऱ्यांना खाली ढकलणारा त्यांचा पेंग्विन अपडेट एप्रिल 2012 चा. त्याची ऑक्टोबर 2014 ची आवृत्ती आल्यावर पुढची थेट सप्टेंबर 2016 ला आली, मधली जवळपास दोन वर्षं लिंका काढून टाकलेल्या साइटसुद्धा वाट बघत बसल्या होत्या. दोन वर्षं म्हणजे आमचे दोन सीझन, तेवढ्यात माणूस धंदा बदलतो.

इथे एक कबुली देतो. 2021 ला एका एसइओवाल्याने, म्हणजे साइट सर्चमध्ये वर आणून देणाऱ्याने, पाच हजारांत पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून माझ्या साइटकडे येणाऱ्या लिंका) लावून देतो म्हटलं आणि मी दिले पैसे. त्याचाच हिशोब आता होतोय का? की जपानी पानांचं काही शिल्लक आहे? की समोरच्याची साइटच माझ्यापेक्षा चांगली झाली? तिन्हीचे उपाय वेगळे आणि मी अंधारात तिन्हीवर खर्च करतोय. आमच्या कामात टेरेसवर पाणी भरून ठेवतो, गळती कुठून आहे ते खालच्या फ्लॅटच्या स्लॅबवर खडूने मार्क करून दाखवतो, त्याशिवाय सोसायटी एक रुपया काढत नाही.

काहीजण म्हणतील आधी सांगितलं तर लबाड लोक सावध होतील. बरोबर आहे. बीएमडब्ल्यूच्या जर्मन साइटने बॉटला एक आणि माणसाला वेगळंच पान दाखवलं म्हणून फेब्रुवारी 2006 मध्ये गुगलने ती काढली, तिथे आठ दिवसांची मुदत देऊन काय साधलं असतं? आणि ती साइट काही दिवसांत परतही आली, एवढ्या मोठ्या कंपनीला कारण कळायला वेळ लागत नाही. म्हणून आधी वॉर्निंग द्या असं माझं म्हणणंच नाही. खाली टाकायचं तर टाका, पण त्याच दिवशी कारण कळवा, निदान लिंक, हॅक की मजकूर एवढं तरी, आणि परत कधी तपासणार तेही.

फुकट सेवा आहे, तक्रार कसली असंही ऐकवतात. अहो, भारतात नव्वद टक्क्यांहून जास्त सर्च एकाच कंपनीकडे होतो, जायचं कुठे? युरोपात जुलै 2020 पासून नियम आहे की रँकिंग मुख्यतः कशावर ठरतं ते सर्च इंजिनने जाहीर करायचं. आपल्या स्पर्धा आयोगाने 2018 मध्ये सर्चमधल्या पक्षपाताबद्दल गुगलला 135.86 कोटींचा दंड केला होता, म्हणजे हा विषय त्यांना नवा नाही, पण माझ्यासारख्याला कारण कळवा एवढी साधी गोष्ट कोणी मागितलेली माझ्या तरी वाचनात नाही.

तुमच्या पेपरची वेबसाइटही याच सर्चवर चालते. तुमच्या आयटीवाल्यांना एकदा विचारून बघा, त्या टूलचा पासवर्ड नक्की कोणाकडे आहे आणि शेवटचं लॉगइन कधी केलं होतं.

— एक वॉटरप्रूफिंग कॉन्ट्रॅक्टर, नेरुळ, नवी मुंबई