आधी नरांची तपासणी करा

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, यंदा उलटलेल्या, म्हणजे नर दाखवूनही गाभण न राहिलेल्या, मेंढ्या विकायचं ठरवलंय, असं दादा म्हणाला. इतक्यात विकू नका. एखादी मेंढी वांझ असते, मान्य. पण अर्धा कळप सतरा-अठरा दिवसांनी पुन्हा माजावर येतो आणि कोकरं दोन-अडीच महिने रेंगाळत जन्मतात, तेव्हा मला संशय नराचाच येतो. आपल्याकडे मात्र शिक्षा नेहमी मादीला!

ब्रुसेला ओव्हिस नावाचा जंतू नराच्या वृषणाला चिकटून असलेल्या वीर्यनळीत ठाण मांडतो. तिथे सूज येते, मग गाठ धरते, बहुधा वृषणाच्या खालच्या टोकाला आणि अनेकदा एकाच बाजूला. हाताने चाचपून ती कधी लागते, पण बऱ्याच नरांत काहीच लागत नाही. नर धडधाकट दिसतो, अंगाने भरलेला असतो, मेंढ्यांवर उड्याही मारतो, आणि वीर्यातून जंतू सोडत राहतो. त्याच माजात त्याच मेंढीवर दुसरा नर गेला की त्यालाही लागण. एकत्र ठेवलेले नर एकमेकांवर चढतात, त्यातूनही रोग पसरतो. म्हणून नवे कोवळे नर जुन्यांपासून वेगळे बांधा.

खात्री रक्त तपासूनच होते. फळवायच्या हंगामाआधी सगळ्या नरांची तपासणी करायची, सापडतील ते काढून टाकायचे आणि उरलेल्यांची दीड-दोन महिन्यांनी पुन्हा करायची. औषधाच्या नादी लागू नका. जंतू मेला तरी बिघडलेली नळी सुधारत नाही.

आई, आता तुझ्यासाठी. हा जंतू माणसाला बाधत नाही. पण मेंढ्या गाभडत असतील, विशेषतः दिवस भरत आल्यावर, तर कारण वेगळंही असू शकतं. क्लॅमिडिया नावाचा दुसरा जंतू असेल, नाहीतर याच ब्रुसेलाचा भाऊबंद मेलिटेन्सिस, ज्याचा ताप माणसाला महिनोन्‌महिने सोडत नाही. तू वार उघड्या हाताने ओढतेस, ते बंद कर. हातमोजे घाल. गाभडलेली मेंढी वेगळी बांध. वार आणि मेलेलं कोकरू यांतलं थोडं डॉक्टरांना तपासायला देऊन बाकीचं खोल पुरून टाका, कुत्र्यांपुढे टाकू नका. वहिनीला दिवस गेलेत, तिला मेंढ्या विताना वाड्याकडे फिरकूही देऊ नकोस. क्लॅमिडियाने तिचाही गर्भ पडू शकतो.

डॉक्टरांशी मी बोलून ठेवते. तोवर बाबा, भिडेखातर कुणाचा नर कळपात घेऊ नका आणि आपलाही कुणाला देऊ नका.

तुमची लाडकी,
ताई