पौंडांतला कर आणि अठरा पौंडांची तूट

मा. संपादक,

स. न. वि. वि.

प्राप्तिकर विवरणपत्रांचे दिवस आले की करसवलतींवर बरेच लिहून येते. परंतु राहायचे इथे आणि कर भरायचा परदेशातल्या सरकारला, तोही त्याच्या चलनात, अशांची अडचण त्यात सहसा येत नाही. मी निवृत्त परिचारिका आहे. इंग्लंडमध्ये एकोणीस वर्षे नोकरी करून २०१८ साली नाशिकला परतले. लेस्टरमधले माझे लहानसे घर भाड्याने दिलेले आहे आणि त्या भाड्यावरचा ब्रिटिश कर दरवर्षी ३१ जानेवारीपर्यंत पौंडांत भरावा लागतो. पूर्वी तो मी तिथल्याच खात्यातून भरत असे. परंतु परदेशी राहणाऱ्यांची खाती ठेवायची नाहीत असे त्या बँकेने ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये मला प्रथमच इथल्या शाखेतून पैसे पाठवावे लागले. वैयक्तिक क्रेडिट कार्ड तिथला करविभाग घेत नाही आणि माझ्या डेबिट कार्डाने ते पान पुढे सरकेना.

शाखेतला परकीय चलनाचा टेबल त्या दिवसांत द्राक्षांच्या निर्यातीत गुंतलेला असतो. बाहेरून युरो येण्याची त्यांना सवय आहे, इथून कर जाण्याची नाही. तिथे प्रत्येक करदात्याला दहा अंकी क्रमांक असतो, त्याला यूटीआर म्हणतात आणि भरणा करताना त्यापुढे ‘के’ हे अक्षर जोडून तो संदर्भ म्हणून द्यावा लागतो. मी तो लिहून दिला, तर टेबलावरचा मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, यूटीआर पैसे गेल्यावर पडतो, आधी कुठून आणलात?’’ आपल्याकडे यूटीआर म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक, त्यामुळे त्याची चूक नव्हती. दोन्ही यूटीआर वेगळे हे पटवण्यात पाऊण तास गेला. मग त्याने कारणाच्या रकान्यात कुटुंबाच्या निर्वाहाचा संकेतांक घातला. करभरण्याचा संकेतांक एस १३०६ हा स्वतंत्र आहे, हे मी घरून पाहून गेले होते म्हणून निभावले.

त्यानंतर १५ सीए, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना प्राप्तिकर विभागाला द्यायचे निवेदन, आणि त्यासोबतचे सनदी लेखापालांचे १५ सीबी प्रमाणपत्र मागण्यात आले. त्या वेळी लागू असलेल्या, १९६२ च्या आयकर नियमांतील नियम ३७ बीबीमध्ये कोणत्या कारणांसाठी हे कागद लागत नाहीत त्याची यादीच दिलेली होती आणि तीत करांचा भरणा हे कारण एस १३०६ या संकेतांकासह स्पष्ट नमूद होते. माझ्या लेखापालांनी ते पान छापून दिले. शाखेत उत्तर मिळाले, ‘‘आम्ही सगळ्यांकडूनच घेतो.’’ मुदतीला पाच दिवस उरले होते. मी अडीच हजार रुपये देऊन प्रमाणपत्र करून घेतले.

कर होता १,१४० पौंड. पौंडाचा बाजारभाव त्या दिवशी १०७ रुपयांच्या आसपास होता, मला तो १०८ रुपये ९० पैशांना पडला. शिवाय चलन बदलून देण्याच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २०२ रुपये. कर भरण्यासाठी कर, याचे आता हसूही येत नाही. दरातला फरक हा बँकेचा व्यवसाय आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही; तो फरक रुपयांत किती होतो, हे सही घेण्यापूर्वी सांगितले असते तर बरे झाले असते.

खरी तक्रार पुढे आहे. अर्जावर शुल्क कोणी सोसायचे यासाठी तीन इंग्रजी अक्षरांचे तीन पर्याय असतात : अवर, शा आणि बेन. ‘अवर’ म्हणजे सगळे शुल्क पाठवणाऱ्याचे, ‘शा’ म्हणजे वाटून आणि ‘बेन’ म्हणजे पैसे घेणाऱ्याचे. सवयीने ‘शा’वर खूण झाली, मीही सही केली. वाटेतल्या मध्यस्थ बँकेने आपले शुल्क मूळ रकमेतूनच कापले आणि करविभागाला १,१२२ पौंड मिळाले. द्राक्षांच्या बिलात अठरा पौंड कमी आले तर व्यापारी पुढच्या बिलात वळते करून घेतो. कराची रक्कम मात्र पेनीपर्यंत ठरलेली असते. मार्चमध्ये पाहते तो खात्यावर अठरा पौंडांची थकबाकी, तिच्यावर व्याज आणि तीस दिवस उलटल्यामुळे पाच टक्के दंड, म्हणजे नव्वद पेन्स.

हे अठरा पौंड पाठवायला शाखेचा किमान आकार हजार रुपये आणि त्यावर जीएसटी १८० रुपये. पुन्हा ‘शा’ लिहिले असते तर अठराच्या अठरा पौंड वाटेतच संपले असते. शेवटी ‘अवर’ लिहून पन्नास पौंड पाठवले आणि उरलेले तिथे माझ्या नावे जमा ठेवले. ओळखीच्या एका गृहस्थांनी सोपा मार्ग सुचवला होता : लेस्टरच्या भाच्याकडून कर भरून घ्यायचा आणि इथे त्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, हातात रुपये ठेवायचे. घरातल्या घरात वाटणारी ही परस्पर फेड १९९९ च्या फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन, कायद्यात बसत नाही. सरळ मार्ग इतका खडबडीत असल्यावर माणसे त्या वाटेला का जातात, ते मात्र कळते.

तिथे भरलेल्या कराचे श्रेय, म्हणजे इथल्या करातून त्याची वजावट, त्या वेळी भारतात फॉर्म ६७ भरून मिळत असे. ते मोजताना नियम १२८ प्रमाणे, कर भरल्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा स्टेट बँकेचा खरेदी दर धरायचा होता, म्हणजे माझ्यासाठी ३१ डिसेंबरचा. मी पौंड घेतले बँकेच्या विक्री दराने. भाड्याचे उत्पन्नही खरेदी दरानेच मोजतात, त्यामुळे नियम अन्यायाचा आहे असे मी म्हणणार नाही; परंतु दोन दरांतले अंतर आणि मध्यस्थाचे शुल्क यांचे श्रेय कुठेच मिळत नाही.

ग्राहकांसाठीचे छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषेत असावेत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. मला मिळालेला अर्ज पूर्ण इंग्रजीत होता. नोटांचा छापखाना १९२८ पासून ज्या गावात आहे, तिथल्या शाखांना एवढे अवघड नसावे : शुल्काच्या त्या तीन चौकटींशेजारी मराठीत एकेक ओळ छापावी, कारण ‘कर’ असेल तर ‘अवर’ हाच पर्याय आधी विचारावा आणि जो कागद नियमाने लागत नाही तो मागू नये. ब्रिटिश करवर्ष ५ एप्रिलला संपते आणि ६ एप्रिलपासून तिथले विवरणपत्र भरता येते. त्यामुळे मी आता जानेवारीची वाट न पाहता जूनमध्येच कर पाठवते. द्राक्षांचा हंगाम तोवर आटोपलेला असतो आणि त्या टेबलापुढे बसायला खुर्ची मिळते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
जेल रोड, नाशिक रोड